पंच नसलेल्या खेळाचा एक हंगाम

आमच्या मोहल्ल्यातल्या गल्ली क्रिकेटला कधी पंच नसायचा. रनआऊटवरून वाद झाला की आधी ‘अल्ला कसम’ व्हायची, मग आवाज चढायचे आणि शेवटी ज्याची बॅट त्याचं खरं ठरायचं. तो बॅट काखेत मारून घराकडे वळला की बाकीचे मुकाट्याने ‘जा रे, नॉट आऊट’ म्हणायचे. न्यू जर्सीत वाढलेली आमची भाची अल्टिमेट फ्रिस्बी खेळते. तिने एकदा फोनवर सांगितलं, की या खेळात मोठमोठ्या स्पर्धांतही पंच नसतो, निकाल खेळाडूच आपसात ठरवतात. आम्ही दोघं नवरा-बायको हसलो. म्हटलं, मग बॅट कोणाची असते गं?

गेल्या वर्षी बकरी ईद उरकून आम्ही आपाकडे गेलो आणि नोव्हेंबर लागता लागता परतलो. गेलो होतो आराम करायला. पण भाचीच्या संघाचा उन्हाळी हंगाम सुरू होता आणि आपा-दुल्हाभाई दोघंही कामावर जाणारे, त्यामुळे शनिवार-रविवारी तिच्यासोबत जायची ड्यूटी आमच्यावर आली. घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी आणि बटाटेवड्यांचा डबा घेऊन जवळजवळ अख्खा हंगाम आम्ही मैदानाच्या कडेला बसून पाहिला. आपल्या कितीतरी घरांतली मुलं आता बाहेरदेशी शिकतात, काही मुंबई-पुणे-बंगलोरच्या कॉलेजांत असतात. त्यातलं एखादं सुट्टीत तबकडी घेऊन घरी येतं आणि सांगतं, की पुढच्या आठवड्यात टूर्नामेंट आहे, जाऊ का? आई-बापाला कळत नाही काय विचारावं. आम्हालाही कळत नव्हतं. म्हणून जे पाहिलं, विचारून घेतलं, ते इथे मांडतो.

आधी खेळ. समुद्रावर पोरं प्लास्टिकची तबकडी उडवतात, तीच ही, फक्त वजनदार. स्पर्धेची डिस्क १७५ ग्रॅमची असते. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. मैदान लांबट, आंतरराष्ट्रीय नियमात १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद, त्यातले दोन्ही टोकांचे १८-१८ मीटर हे गोलचे पट्टे. आपल्या सोबतीने फेकलेली डिस्क समोरच्या पट्ट्यात झेलली की एक गोल. डिस्क हातात असताना पळायचं नाही. एक पाय रोवून उभं राहायचं, दुसरा फिरवायचा आणि दहा सेकंदांच्या आत फेकायची. समोर उभा असलेला विरोधी खेळाडू मोठ्याने आकडे मोजत असतो. डिस्क खाली पडली, बाहेर गेली किंवा विरोधकाने हवेत मारून पाडली, की ती त्याच क्षणी समोरच्या संघाची. अंगाला अंग लावायला परवानगी नाही. बदली खेळाडू गोल झाल्यावर किंवा कोणाला लागल्यावरच आत येतो, त्यामुळे एखादा गोल लांबला की तीच सात माणसं दहा-दहा मिनिटं धावत राहतात. पंधरा गोल आधी करेल तो जिंकला. वेळ संपत आली तर आकडा कमी करतात.

बघायला सोपं वाटतं. आम्हीही पहिल्या शनिवारी असंच म्हटलं होतं. मग वारा सुटला. कोकणातल्या माणसाला वारा काय असतो हे सांगायला नको, पण वाऱ्यात होडी हाकणं आणि वाऱ्याच्या तोंडावर पन्नास मीटर डिस्क फेकणं यातलं जास्त अवघड काय, हे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. वारा पाठीशी असताना गोल करणं हा हिशेबाचा भाग. वाऱ्याविरुद्ध केलेला एक गोल मात्र सामना फिरवतो. डिस्क उलट्या हाताने फेकतात, सुलट्या हाताने मनगट झटकून फेकतात आणि डोक्यावरून उलटी करूनसुद्धा फेकतात. भाचीचं मनगट बघितलं तर पाटा-वरवंट्यावर वाढल्यासारखं वाटतं.

खेळाचा जन्म तिच्याच राज्यातला. १९६८ साली न्यू जर्सीतल्या मेपलवूड गावच्या कोलंबिया हायस्कूलमधल्या मुलांनी तो सुरू केला. सुरुवातीचा सामना शाळेच्या विद्यार्थी परिषदेत आणि शाळेच्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्या मुलांत झाला. पुढे बरेचसे सामने शाळेच्या पार्किंगमध्ये, दिव्यांच्या उजेडात व्हायचे. कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांत झाला आणि रटगर्सने तो २९-२७ असा जिंकला. ‘फ्रिस्बी’ हे एका कंपनीचं नोंदणीकृत नाव, म्हणून अधिकृत कागदांवर खेळाचं नाव नुसतं ‘अल्टिमेट’. जागतिक महासंघ १९८५ पासून आहे आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला मान्यता दिली. ऑलिम्पिकमध्ये मात्र हा खेळ अजून नाही.

आता पंचाचा मुद्दा. फाऊल झाला असं वाटलं तर ज्याच्यावर झाला तोच ‘फाऊल’ म्हणून ओरडतो. खेळ थांबतो. समोरच्याला पटलं तर ठीक, तो ‘बरोबर’ म्हणतो आणि खेळ पुढे जातो. पटलं नाही तर दोघं बोलतात, थोडक्यात. तरीही जुळलं नाही तर? आम्ही याच उत्तराची वाट बघत होतो. तर बहुतेक वेळा डिस्क परत फेकणाऱ्याच्या हातात जाते आणि तो डाव पुन्हा खेळला जातो. म्हणजे वाद जिंकावाच लागत नाही. आमच्या गल्लीत ही अक्कल कोणाला सुचली असती, तर कितीतरी बॅटी वाचल्या असत्या.

यामागे एक तत्त्व आहे, त्याला ते ‘स्पिरिट ऑफ द गेम’ म्हणतात. जिद्दीने खेळा, पण जाणूनबुजून नियम मोडू नका, समोरचाही मोडणार नाही हे गृहीत धरा. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांना गुण देतात, गोलांचे नव्हे, वागणुकीचे. नियमांची माहिती, अंगलट येणं, निष्पक्षपणा, संयम आणि बोलण्याची पद्धत अशा पाच गोष्टी, प्रत्येकी शून्य ते चार. त्यात पहिल्या येणाऱ्या संघाला वेगळं बक्षीस असतं. बऱ्याच ठिकाणी सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात आणि काय चुकलं, काय आवडलं ते बोलतात.

सगळे फरिश्ते असतात असं मात्र समजू नका. जुलैमधल्या एका स्पर्धेत समोरच्या संघातली एक मुलगी दर दोन मिनिटांनी फाऊल मागत होती. आमच्या सौभाग्यवतींनी तिचं नावच ‘वकीलबाई’ ठेवलं होतं. तिथे कोणी काही करू शकत नाही; दोन्ही कर्णधार मध्ये पडतात, बोलतात, बस्स. अमेरिकेत वरच्या पातळीवरच्या काही सामन्यांना निरीक्षक असतात. खेळाडूंचं जुळलं नाही आणि त्यांनी विचारलं, तर ते निवाडा करतात. पुरुषांची जी पैसेवाली लीग २०१२ पासून चालते, तिने तर सरळ पंच नेमले. पण गंमत अशी, की पंचाचा निर्णय आपल्या फायद्याचा पण चुकीचा असेल, तर खेळाडू स्वतः तो फिरवू शकतो, अशी सोय त्यांनीही ठेवली आहे.

भाचीचा संघ महिला गटातला. अमेरिकेच्या क्लब हंगामात तीन गट असतात. पुरुषांचा, महिलांचा आणि मिक्स्ड, म्हणजे चार-तीन या प्रमाणात मुलं-मुली एकत्र. आपाने सुरुवातीलाच अट घातली होती, खेळायचं तर महिला संघात. भाचीने वाद घातला नाही. संघात वीसेक जणी. कोणी नर्स, कोणी शाळेत शिक्षिका, दोघी-तिघी विद्यार्थिनी, एक दोन पोरांची आई. पगार कोणालाही नाही. उलट सभासदत्व, स्पर्धेची फी, जर्सी, पेट्रोल, विमान, हॉटेल सगळं खिशातून. एका खोलीत चौघी झोपून खर्च वाटून घ्यायचा. दुल्हाभाईंचा पहिला आक्षेप हाच होता, की खेळून पैसे मिळतात हे ऐकलं होतं, पैसे भरून हरायला जातात हे पहिल्यांदाच बघतोय.

कपड्यांचा प्रश्न आम्हाला वाटला होता तेवढा निघालाच नाही. नियमात एवढंच आहे, की कपडे मऊ असावेत आणि त्यांनी कोणाला इजा होऊ नये. भाची पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, खाली लेगिंग्ज, त्यावर ढगळ शॉर्ट्स आणि डोक्याला खेळाचा हिजाब घालते. कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कोणी विचारलंही नाही. फक्त ऑगस्टच्या उन्हात तिच्यासाठी बर्फाचा टॉवेल तयार ठेवावा लागायचा, ते काम मुमानीचं. शनिवारी तीन ते चार सामने असतात, मध्ये एखाद्या सामन्याएवढी सुट्टी. उन्हाळ्यात तिथे जोहरची वेळ एकच्या सुमारास लागते, त्यामुळे गाड्यांच्या मागच्या बाजूला चटई टाकून नमाज व्हायची. पहिल्यांदा तिच्या सोबतिणी लांबून बघत होत्या. तिसऱ्या स्पर्धेपासून त्यांनीच ‘तुझी वेळ झाली का?’ म्हणून विचारायला सुरुवात केली, कारण तिच्या वेळेप्रमाणे त्यांना जेवण उरकायचं असे.

रमजान या क्लब हंगामात सध्या येत नाही. कॉलेजचा हंगाम मात्र वेगळा असतो, हिवाळ्याच्या शेवटापासून मे अखेरपर्यंत, आणि आताची काही वर्षं रमजान नेमका त्यात पडतो. भाची कॉलेजात असताना रोजे ठेवून सरावाला जायची, पण पळायची नाही, कडेला उभी राहून फेकीचा सराव करायची आणि इफ्तारनंतर धावायला बाहेर पडायची. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे आज हायस्कूलात असलेल्या मुलांना पुढे वेगळं गणित बसवावं लागेल.

आता हंगाम कसा चालतो ते. हे समजायला आम्हाला दोन महिने लागले, तुम्हाला दोन परिच्छेदांत सांगायचा प्रयत्न करतो. वसंतात निवड चाचण्या होतात. जूनपासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत संघ आपल्या मर्जीने तीन-चार स्पर्धा निवडून खेळतो. सप्टेंबरात आधी सेक्शनल्स, मग रिजनल्स आणि ऑक्टोबरच्या शेवटी, गुरुवार ते रविवार, राष्ट्रीय स्पर्धा. देशाचे आठ विभाग पाडलेले आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक गटात सोळा संघ. त्यातल्या आठ जागा सरळ, प्रत्येक विभागाला एक. उरलेल्या आठ जागा ज्या विभागात बलवान संघ जास्त आहेत त्यांना जातात. बलवान कोण, हे उन्हाळ्यातल्या सामन्यांवरून ठरतं.

आणि इथे खरी मेख आहे. क्रमवारी नुसत्या हार-जितीवर होत नाही. समोरचा संघ किती तगडा आणि गोलांचा फरक किती, या दोन्हींचा हिशेब होतो. एका गोलाने जिंकलात तर त्या सामन्यापुरते तुम्ही समोरच्या संघापेक्षा १२५ अंकांनी वर, त्याच्या दुपटीहून जास्त गोल केलेत तर ६०० अंकांनी वर. त्यापुढे कितीही मारा, फायदा नाही. हरणाऱ्याचे तेवढेच खाली. हंगामाच्या शेवटाकडच्या सामन्यांना वजन जास्त. म्हणजे देशातल्या एखाद्या नामांकित संघाशी १५-१३ ने हरणं हे दुबळ्या संघाला हरवण्यापेक्षा मोलाचं ठरू शकतं. हे माहीत नव्हतं तेव्हा आम्ही एकदा फार गोंधळलो होतो. जुलैत त्या एका स्पर्धेला संघातल्या बऱ्याच जणी लग्नकार्यामुळे आल्या नव्हत्या. नऊ जणीच उभ्या होत्या, म्हणजे बदलीला फक्त दोघी, आणि उन्हात तिसरा सामना. १४-९ असे मागे होते. आम्हाला वाटलं आता सोडून देतील. तर पोरींनी एकेक करून चार गोल केले आणि १५-१३ ने हरल्या. हरल्यावर एकमेकींना मिठ्या मारत होत्या. आम्ही आपाला फोन करून म्हटलं, हिला ऊन लागलंय, हरून नाचतेय.

पण त्या क्रमवारीतला डंख पुढे आहे. जादा जागा मिळते ती विभागाला, संघाला नाही. तुम्ही उन्हाळाभर घाम गाळून चांगल्या संघांशी खेळलात, क्रमवारीत वर आलात, तुमच्यामुळे विभागाला दोन जागा मिळाल्या. आता त्या दोन जागांसाठी रिजनल्समध्ये पुन्हा सगळ्यांशी खेळायचं. त्या दिवशी कोणीतरी दुसरंच तुम्हाला हरवून गेलं, तर तुमच्या कमाईची जागा तो घेऊन जातो. आम्हाला हे सरळ अन्यायाचं वाटलं. भाचीच्या कर्णधार मुलीने समजावलं, की काका, नाहीतर जूनमध्येच सगळं ठरून गेलं असतं, सप्टेंबरात खेळायला आलं कोण असतं? पटलं, पण अर्धंच.

ऑगस्टमध्ये संघातल्या एका मुलीच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. धावताना एकदम दिशा बदलण्याचा हा खेळ, गुडघ्याला जड जातो, आणि मुलींना हा धोका जास्त. कोणाचा धक्का नाही, काही नाही, नुसतं वळताना ती खाली बसली. त्यानंतर मुमानी प्रत्येक सामन्याच्या आधी मनातल्या मनात आयतुल कुर्सी पढत बसायची. आपल्या घरातलं कोणी या खेळात पडत असेल, तर विम्याची चौकशी आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम या दोन गोष्टी आधी बघा, हे आमचं कळकळीचं सांगणं.

सेक्शनल्स नावापुरतीच झाली. महिला संघ कमी, जवळपास सगळेच पुढे गेले. विभागाला दोन जागा मिळाल्याचं जाहीर झालं, तेव्हा भाचीच्या घरी मिठाई आली. दुसरी जागा त्यांच्या उन्हाळ्यामुळेच मिळाली होती.

रिजनल्सला दुल्हाभाईही आले, सुट्टी काढून. शनिवारचे सगळे सामने जिंकले. रविवारी सकाळी विभागातल्या सगळ्यात तगड्या संघाने त्यांना सहज हरवलं आणि पहिली जागा नेली. राहिली दुसरी. त्यासाठी दुपारी जो संघ समोर आला, तो उन्हाळाभर फारसा बाहेर पडलेलाच नव्हता; क्रमवारीत खूप खाली. आम्ही निवांत होतो. वडे वाटत होतो.

निवांतपणा वीस मिनिटं टिकला. त्या मुली ताज्या होत्या, आमच्या थकलेल्या. वारा आडवा. ५-५, ८-८, १०-१०. मध्ये एका फाऊलवर चांगली तीन मिनिटं चर्चा झाली. भाचीचा संघ म्हणत होता धक्का लागला, त्या म्हणत होत्या नाही. आम्हाला विचाराल तर लागला होता. पण आम्ही मामू आहोत, आमची साक्ष कोण धरणार? डिस्क मागे गेली, पुन्हा खेळ. निरीक्षक त्या सामन्याला नव्हते. वेळ संपली तेव्हा १३-१३. पुढचा गोल करेल तो राष्ट्रीय स्पर्धेला. याला ते ‘युनिव्हर्स पॉईंट’ म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे, कारण त्या वेळी जगात दुसरं काही चाललंय असं वाटतच नाही.

डिस्क आधी भाचीच्या संघाकडे. आठ-दहा फेकी झाल्या. मग एक लांब फेक गोलच्या पट्ट्यात गेली, वाऱ्याने खाली दबली, आणि भाचीने अंग झोकून दिलं. गवतावर घसरत गेली, हात वर केला, हातात डिस्क. आम्ही खुर्च्या पाडून उठलो. दुल्हाभाई, जे कधी मोठ्याने बोलत नाहीत, त्यांनी ‘सुब्हानल्लाह’ म्हणून असा आवाज काढला की शेजारचं मैदान वळून बघायला लागलं.

भाची मात्र गुडघ्यावर बसून राहिली होती. तिच्या मागे पळत आलेल्या मुलीने काहीतरी विचारलं. तिने मान हलवली आणि डिस्क खाली ठेवली.

नियम असा आहे, की झेल नीट झाला की नाही हे ज्याला सगळ्यात चांगलं दिसलं त्याने सांगायचं. तिच्यापेक्षा जवळ कोण असणार? बोटं मिटायच्या आधी डिस्कची कड गवताला टेकली होती. आम्ही चाळीस मीटरवर होतो, आम्हाला झेल दिसला. तिच्या सोबतिणींनाही झेलच दिसला. मागून आलेल्या मुलीलाही नीट दिसलं नव्हतं, म्हणून तर तिने विचारलं.

डिस्क समोरच्यांची झाली. त्यांनी सहा फेकींत मैदान पार केलं आणि गोल केला. हंगाम संपला. उन्हाळाभराच्या कमाईची जागा दुसरा संघ घेऊन गेला.

परतीच्या गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दुल्हाभाई म्हणाले, “कोणी बघितलं नव्हतं. तू गप्प राहिली असतीस तरी कोण काय म्हणणार होतं?” खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच होतं, त्यांनी फक्त तोंडातून काढलं. आपा पुढच्या सीटवरून म्हणाली, “हे काय बोलताय तुम्ही पोरीला?” भाची मागे मुमानीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. आम्हाला वाटलं खरं बोलून हरल्याचं दुःख. तसं नव्हतं. ती म्हणाली, “अब्बा, त्याचं काही नाही हो. मी पाऊल उशिरा टाकलं. अर्धं पाऊल आधी निघाले असते तर डिस्क छातीवर मिळाली असती.” पुढचा अर्धा तास ती त्या अर्ध्या पावलावरच बोलत होती. गवताला टेकलेल्या कडेचा विषय तिच्या लेखी तिथेच, मैदानावर संपला होता.

दुल्हाभाईंच्या लेखी संपला नव्हता. दोन दिवस ते घुश्श्यात होते. मग तिसऱ्या दिवशी इशानंतर त्यांनी आम्हाला बाहेर फिरायला नेलं आणि म्हणाले, मी दुकानात वीस वर्षं गिऱ्हाईकाला माल दाखवताना डाग आधी दाखवतो, हिने तेच केलं तर मला का राग आला? आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडेही नव्हतं. संघातल्या सगळ्याच जणींना ते सहज गिळता आलं असंही नाही. एक-दोघी थोड्या दिवस अबोल होत्या, हे भाचीनेच सांगितलं. राष्ट्रीय स्पर्धेचे सामने त्यांनी ऑक्टोबरात एकीच्या घरी जमून स्क्रीनवर पाहिले. त्यांना हरवून गेलेला संघ तिथे पहिले दोन्ही दिवस मार खात होता. भाची त्यांच्याच बाजूने ओरडत होती. का, असं विचारलं तर म्हणाली, त्या हरल्या तर आमच्या विभागाला कोण मानणार?

आता इथलं. भारतातही हा खेळ रुजलाय. चेन्नईच्या किनाऱ्यावर तो फार जोरात आहे. मच्छीमार वस्त्यांतली मुलं आणि आयटीतले इंजिनियर एकाच संघात खेळतात. तिथल्या एका संघावर ‘१७५ ग्रॅम्स’ नावाचा छोटा माहितीपटही निघाला. बंगलोर, अहमदाबाद, दिल्ली, मुंबई, पुण्यातही संघ आहेत, आणि भारताचे संघ जागतिक स्पर्धांना गेलेले आहेत. आखातात, दुबईतही तो नियमित खेळला जातो, तेव्हा तिकडे असलेल्या आपल्या मुलांनाही शोधायला लांब जावं लागणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. भारतात बहुतेक स्पर्धा मिक्स्ड गटात होतात. ज्या घरांना ते चालतं त्यांचा प्रश्न नाही. ज्यांना चालत नाही, त्यांच्या मुलींना इथे संघ मिळणं तिकडच्यापेक्षा अवघड, ही वस्तुस्थिती आहे. महिला कॉलेजांनी, आपल्या संस्थांच्या शाळांनी मनावर घेतलं तर मुलींचे संघ उभे राहू शकतात. खर्च म्हणाल तर एक डिस्क, आठ खुणेचे कोन आणि एक मोकळं मैदान. वाळूवर तर पाच-पाचच खेळाडू लागतात आणि मैदानही छोटं, ७५ बाय २५ मीटरचं.

निघताना भाचीने आम्हाला दोन डिस्क दिल्या. श्रीवर्धनला पोचल्यावर एक आम्ही धाकट्या पुतण्याला दिली, नियम समजावले, पंच नसतो हे दोनदा सांगितलं. असरनंतर तो पोरं जमवून किनाऱ्यावर गेला. मगरिबच्या अजानला अजून बराच अवकाश होता, तेवढ्यात डिस्क काखेत मारून घरी परत. काय झालं विचारलं तर म्हणाला, “ते म्हणतात बाहेर गेली. मी म्हटलं आतच होती. डिस्क माझी आहे ना!”